सुट्टीतील रत्नागिरी

वार्षिक परीक्षा आटोपल्या आणि उन्हाचा ताव वाढू लागला, की मुंबईत राहणाऱ्या कोकणी कुटुंबांना रत्नागिरीचे वेध लागतात. नोकरीधंद्यासाठी मुंबईस जाऊन राहिलेल्या माणसाला कोकणात 'चाकरमानी' म्हणतात. हे चाकरमानी मुलाबाळांसह परतले, की अकरा महिने कुलूपबंद असलेल्या घरांची दारे उघडतात, ओटीवरील झोपाळ्याच्या कड्या पुन्हा करकरू लागतात आणि एरवी शांत असणाऱ्या या शहरात बाजारापासून बंदरापर्यंत सगळीकडे ओळखीची हाकाहाक सुरू होते.

समुद्रकाठचे शहर पाहावयास निघालेल्या प्रवाशाला जे जे हवे असते, ते सारे रत्नागिरीत आहे. वाळूचे किनारे आहेत, तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेला किल्ला आहे, दीपगृह आहे, एका परदेशी राजाचा राजवाडा आहे आणि लोकमान्य टिळकांचे जन्मघरही आहे. तथापि सुट्टीत येणाऱ्या मुलाला पहिली ओढ असते ती यांपैकी कशाचीच नव्हे. त्याला आपला गेल्या वर्षीचा मित्र भेटावयास हवा असतो.

ही भेट मात्र मोठी चमत्कारिक असते. वर्षभर जिची वाट पाहिली, ती घटका आल्यावर दोघांनाही बोलणे सुचत नाही. एकाची उंची वीतभर वाढलेली असते, दुसऱ्याचा आवाज फुटू लागलेला असतो. मुंबईचा मुलगा नवीन बूट घालून आलेला असतो आणि अनवाणी उभ्या असलेल्या मित्रापुढे त्याला ते बूट उगाचच जड वाटू लागतात. मधून मधून दूरध्वनीवर बोलणे झालेले असले, तरी समोरासमोरचा संकोच त्याने जात नाही. "कधी आलास?" "काल." एवढ्यावर संभाषण थांबते. मग गावातला मुलगा गडग्यापलीकडच्या आंब्याकडे बोट दाखवून विचारतो, "झेला आणू का?" झेला म्हणजे लांब काठीच्या टोकाला बांधलेली जाळी. तीत आंबा अलगद उतरवून घेतात. जमिनीवर आपटलेला आंबा आढीत टिकत नाही, काळा पडतो. एकाने काठी धरावयाची, दुसऱ्याने खालून फळ दाखवावयाचे. दहा-बारा आंबे उतरेपर्यंत वर्षाचे अंतर कोठल्या कोठे गेलेले असते.

यानंतर शहर पाहणे सुरू होते. आणि ते मित्राबरोबर पाहिले, तरच नीट दिसते. याचा पहिला प्रत्यय समुद्रावरच येतो. मुंबईचा मुलगा समुद्र रोज पाहत असला, तरी भरती केव्हा येणार हे त्याला सांगता येत नाही. रत्नागिरीच्या कोळीवाड्यात वाढलेला मुलगा घड्याळाकडे न पाहता ते सांगतो. त्याचे गणित अगदी सोपे आहे. ज्या दिवशीची भरती पाहावयाची, त्या दिवसाची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या वेळेच्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थी असेल, तर चाराची पाऊणपट तीन. म्हणून दुपारी व पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमी असेल, तर सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. पंधरवडा संपला की पुन्हा प्रतिपदेपासून मोजणी.

हे गणित जुळते याला कारण आहे. समुद्राचे पाणी मुख्यतः चंद्राच्या आकर्षणाने वरखाली होते, आणि चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. त्यामुळे भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात. अमावास्या व पौर्णिमा या तिथींच्या सुमारास चंद्र आणि सूर्य या दोघांचे आकर्षण एका रेषेत येते, तेव्हा पाणी फार चढते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते सर्वांत कमी चढते आणि कमी उतरते. होडी केव्हा लोटावी, जाळे केव्हा ओढावे, खाडीतील कालवे काढावयास केव्हा उतरावे, हे सारे या हिशेबावर अवलंबून असते. मुंबईच्या मुलाला पाढे अधिक येत असतील. पण भरतीची वेळ चुकवून त्याने वाळूत बांधलेला किल्ला पाहता पाहता वाहून जातो आणि त्याचा मित्र मनसोक्त हसून घेतो.

वाळूचीही अशीच एक गंमत आहे. मांडवीच्या किनाऱ्यावरील वाळू काळसर आहे, म्हणून त्या बाजूच्या समुद्रास 'काळा समुद्र' असे म्हणतात. आणि मिऱ्याच्या बाजूस असलेल्या दुसऱ्या किनाऱ्याला 'पांढरा समुद्र' हे नाव आहे. पाणी अर्थात दोन्हींकडे एकच. काळा रंग येतो तो वाळूत मिसळलेल्या जड खनिजांच्या कणांमुळे. सह्याद्रीचा काळा खडक झिजून त्याचे कण नद्यांवाटे समुद्रास मिळतात. लाटा हलके कण वाहून नेतात आणि लोह व टायटॅनियम असलेले जड कण किनाऱ्यावर मागे राहतात. कोरड्या काळ्या वाळूतून लोहचुंबक फिरवावा. त्याच्या टोकाला काळ्या कणांची दाढी उगवते. हा प्रयोग दाखविण्यासाठी गावातले मूल लोहचुंबक खिशातच घेऊन फिरत असते, असे म्हटले तरी चालेल.

रत्नदुर्ग पाहावयास सकाळी लवकर निघावे; दहानंतर तेथील कातळ पायाला पोळतो. हा किल्ला बहामनी राजवटीत बांधला गेला. १६७० साली शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला आणि पुढे तो आंग्र्यांच्या ताब्यात होता. घोड्याच्या नालेसारखा त्याचा आकार आहे. एका टेकडीवर भगवती देवीचे मंदिर असलेला बालेकिल्ला, तर दुसऱ्या टेकडीवर दीपगृह. तटावरून खाली पाहिले, की मिरकरवाड्याचे बंदर दिसते. तेथे मासेमारी होड्यांची एवढी दाटी असते, की एका होडीवरून दुसरीवर उड्या मारीत माणसाने बंदर ओलांडावे. मे महिन्याच्या अखेरीस या होड्या एकामागून एक किनाऱ्यावर ओढल्या जातात. जून व जुलै हे महिने माशांच्या विणीचे व समुद्र खवळण्याचे असल्याने यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. श्रावणात नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण केल्यावर कोळी बांधव नव्या हंगामास उत्साहाने निघतात.

पावसाळ्यातील ही बंदी आज मासेमारीपुरतीच आहे. परंतु पूर्वी पावसाळा आला, की रत्नागिरीचा मुख्य रस्ताच बंद होत असे. कारण तो रस्ता म्हणजे समुद्र होता. मुंबईहून निघालेली आगबोट कोकणातील बंदरे घेत घेत येई. रत्नागिरीस ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू लहान होड्यांतून किनाऱ्यास येत. पाऊस सुरू झाला की आगबोटी बंद होत. एका बाजूस खवळलेला समुद्र, दुसऱ्या बाजूस सह्याद्रीचे अवघड घाट. मुंबईपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर असलेले हे शहर मग महिनेच्या महिने जगापासून वेगळे पडे. मुंबईस गेलेल्या मुलाचे पत्र पोहोचले तर पोहोचले. येथील माणसांना हा दुरावा सोसावा लागे. परंतु ब्रिटिश सरकारला मात्र तो सोयीचा वाटला. ज्याला त्याच्या माणसांपासून तोडावयाचे, त्याला ठेवण्यास ही जागा त्या सरकारने निवडली.

थिबा राजवाडा ही त्याचीच खूण होय. आज ज्याला म्यानमार म्हणतात, त्या ब्रह्मदेशाचा थिबा हा शेवटचा राजा. १८८५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात इंग्रजांनी त्याच्या देशावर चढाई केली आणि मंडाले ही राजधानी काही दिवसांतच घेतली. राजाला बोटीत बसवून प्रथम मद्रासला आणि तेथून १८८६ सालच्या एप्रिल महिन्यात रत्नागिरीस आणण्यात आले. तेव्हा त्याचे वय होते सत्तावीस. बरोबर राण्या होत्या, लहान मुली होत्या. सर्वांत धाकट्या राजकन्येचा जन्म तर येथेच झाला. परवानगीवाचून त्यांना कोठेही जाता येत नसे. त्यांची भाषा शहरात कोणास समजत नव्हती आणि शहराची भाषा त्यांना समजत नव्हती.

आज जो राजवाडा पाहावयास मिळतो, त्यात राजा राहावयास आला तो १९१० साली. म्हणजे वनवासाची चोवीस वर्षे उलटून गेल्यावर. टेकडीवरील ही तांबड्या रंगाची इमारत तीन मजली आहे. तिची छपरे उतरती आणि खिडक्यांच्या लाकडी कमानींवर सुबक कोरीव काम आहे. आत आता वस्तुसंग्रहालय आहे. राजवाड्यापासून जवळच 'थिबा पॉइंट' नावाची जागा आहे. तेथून काजळी नदी, भाट्याची खाडी आणि त्यापलीकडे पसरलेला समुद्र असे विस्तीर्ण दृश्य दिसते. सहलीला आलेली मंडळी तेथे आनंदाने छायाचित्रे काढतात, आणि ती जागा आहेही तशीच सुंदर. पण तोच देखावा ज्याला सक्तीने वर्षानुवर्षे पाहावा लागला, त्याला तो कसा दिसला असेल, हा प्रश्न तेथे उभे राहिल्यावर मनात आल्यावाचून राहत नाही. समोरचा समुद्र ब्रह्मदेशाच्या दिशेलाही नाही. तो पश्चिमेला आहे, आणि थिबाचा देश पूर्वेला, साऱ्या हिंदुस्थानच्या पलीकडे. तीस वर्षांनी, १९१६ सालच्या डिसेंबर महिन्यात, राजा रत्नागिरीतच मरण पावला. त्याची समाधी याच शहरात आहे.

येथून दोघे मित्र टिळक आळीत उतरतात. तेथे एक कौलारू घर जपून ठेवलेले आहे. पुढे अंगण, आत ओटी, माजघर. कोकणातील कोणत्याही मध्यम स्थितीतील कुटुंबाचे असावे तसेच ते आहे. २३ जुलै १८५६ रोजी बाळ गंगाधर टिळकांचा जन्म रत्नागिरीत झाला आणि दहा वर्षांचे होईपर्यंत ते या शहरात होते. वडिलांची बदली झाल्यामुळे १८६६ साली कुटुंब पुण्यास गेले.

या घराचा आणि त्या राजवाड्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा आहे, की १९०८ साली 'केसरी'तील लेखांबद्दल टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती भोगण्यासाठी सरकारने त्यांना मंडाले येथे धाडले. मंडालेचा राजा रत्नागिरीत, आणि रत्नागिरीत जन्मलेला पुढारी मंडालेत! १९०८ ते १९१४ या वर्षांत हे दोघेही एकाच वेळी एकमेकांच्या गावी बंदिवान होते. १९१० साली थिबा रत्नागिरीतील राजवाड्यात राहावयास गेला. त्याच सालच्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहावयास घेतले. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई १९१२ साली वारल्या. ती वार्ता टिळकांना तुरुंगातच कळली. अखेरची भेट झाली नाही. याच्याही आधी, १८५७ च्या उठावानंतर, दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याला त्या सरकारने रंगूनला पाठविले होते, आणि १८६२ साली तो तेथेच वारला. कोणत्याही माणसाला मारण्यापेक्षा त्याला त्याच्या लोकांपासून दूर ठेवणे अधिक परिणामकारक, हे सरकारने ओळखले होते. पुढे अंदमानातील व हिंदुस्थानातील तुरुंगवासानंतर विनायक दामोदर सावरकर यांनाही १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जाण्याची बंदी होती. त्या काळात, १९३१ साली, भागोजी कीर यांच्या साहाय्याने येथे पतितपावन मंदिर उभे राहिले. जातिभेदाची अट न ठेवता सर्व हिंदूंना त्यात प्रवेश देण्यात आला. हे मंदिर आजही शहराच्या वस्तीत आहे.

थिबाच्या कुटुंबाचा पुढील वृत्तान्त अगदी वेगळा आहे. राजाच्या मृत्यूनंतर १९१९ साली राणी सुपयालत हिला मुलींसह ब्रह्मदेशी परत जाऊ देण्यात आले. परंतु थोरल्या राजकन्येचे मन तिकडे रमले नाही. ती रत्नागिरीस परत आली, आणि १९४७ साली येथेच निवर्तली. जे शहर बापाला तुरुंग झाले, तेच मुलीला घर झाले. तिची मुलगी तर मराठी बोलणाऱ्या माणसांतच वाढली आणि तिने येथेच संसार केला. थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, २०१६ सालच्या डिसेंबर महिन्यात, त्याचे वंशज ब्रह्मदेशाहून या समाधीपाशी आले. त्यांना येण्यास आता कोणाची बंदी नव्हती.

हे सारे ऐकून मुंबईचा मुलगा काही वेळ गप्प होतो. तो दरवर्षी येथे येतो, पण राजवाडा त्याने आजवर बाहेरूनच पाहिलेला असतो. मग दोघांना भूक लागते. राजेरजवाड्यांच्या दुःखावर कोकम सरबत आणि आंबापोळी यांचा उतारा लवकर पडतो. बारा-तेरा वर्षांच्या वयाला तो शोभतोही. भाट्याचा पूल ओलांडून पलीकडे गेले, की सुरूचे बन लागते. त्याच्या सावलीत वाऱ्याचा आवाज समुद्राच्या आवाजात असा मिसळतो, की कोणता कोणाचा हे ओळखणे कठीण. परत येताना झाडगावच्या मत्स्यालयातील देवमाशाचा सांगाडा पाहावा. त्याच्या पुढे उभे राहून आपली उंची मोजण्याचा मोह मोठ्या माणसांनाही आवरत नाही.

संध्याकाळी सारे रत्नागिरी मांडवीच्या धक्क्यावर जमते. जेथे पूर्वी उतारूंच्या होड्या लागत, तेथे आता हवा खाण्यासाठी माणसे येतात. या गर्दीत आणखीही मित्र भेटतात. मात्र ते साठ-सत्तर वर्षांचे असतात. एकाने साऱ्या जन्माची नोकरी मुंबईत केलेली असते, दुसऱ्याने आपली आंब्याची कलमे सोडून जिल्ह्याबाहेर क्वचितच पाऊल टाकलेले असते. मुलांसारखा संकोच त्यांना होत नाही. गेल्या सुट्टीत अर्धे राहिलेले वाक्य ते जणू तेथूनच पुढे चालू करतात. कोणी आगबोटीच्या दिवसांतील आठवण काढतो: वादळात बोट कशी हेलकावत होती आणि किनाऱ्यावर आई कशी कंदील घेऊन उभी होती. एखाद्या वर्षी नेहमीच्या जागी नेहमीचा माणूस दिसत नाही. त्याच्याविषयी आवाज उतरवून बोलतात आणि थोडा वेळ कोणीच बोलत नाही. एवढ्यात दीपगृहाचा झोत पाण्यावरून फिरू लागतो.

ज्या वाटेने ही मंडळी आली, ती आता समुद्रातून जात नाही. कोकण रेल्वेचा रोहे ते मंगळूरजवळील ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा मार्ग १९९८ सालच्या जानेवारी महिन्यात वाहतुकीस पूर्ण खुला झाला. सह्याद्रीचे फाटे आणि खाड्या ओलांडण्यासाठी या मार्गावर बोगद्यांमागून बोगदे खोदावे लागले आणि पुलांमागून पूल बांधावे लागले. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरील पूल चौसष्ट मीटर उंच आहे, म्हणजे वीस मजली इमारत त्याखाली सहज मावेल. करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. मऊ मातीने आणि धो धो पावसाने हे काम करणाऱ्यांची मोठी परीक्षा पाहिली; खणलेले पुन्हा ढासळावे आणि पुन्हा खणावे, असे कितीदा झाले. ज्या दुराव्याच्या भरवशावर सरकारने राजाला येथे ठेवले, तो दुरावा आता एका रात्रीच्या प्रवासाइतकाच राहिला आहे.

सुट्टीचा शेवटचा दिवस आंब्याची पेटी भरण्यात जातो. पेटीच्या तळाशी भाताचा पेंढा पसरतात, त्यावर आंब्यांचा थर, पुन्हा पेंढा. अगदी पिकलेले फळ घालावयाचे नाही. जरा कडक असेल तेच निवडावयाचे, म्हणजे मुंबईस पोहोचल्यावर ते हळूहळू पिकते. हे निवडण्याचे काम गावातला मुलगा करतो. दाबून पाहणे त्याला मान्य नाही. तो देठाशी वास घेऊन ठरवितो. नवीन बूट आता ओटीखाली धुळीने माखून पडलेले असतात, ते शोधून काढावे लागतात.

स्टेशनवर दोघांचे बोलणे पुन्हा थांबते. "पुढच्या खेपेस कोणत्या तिथीला येशील?" गावातला मुलगा विचारतो. मुंबईच्या मुलाला तिथी ठाऊक नसते. तो तारीख सांगतो. "मग मी पंचांगात बघून ठेवीन," मित्र म्हणतो, "म्हणजे भरती केव्हा ते कळेल." गाडी सुटते. भोके स्टेशन मागे पडते, आणि पाठोपाठ करबुड्याचा बोगदा येतो. डब्यातला उजेड पिवळा होतो, खिडकीत काहीच दिसेनासे होते, आणि बाकाखाली ठेवलेल्या पेटीतून आंब्याचा वास येऊ लागतो.